श्यामरावांची विलायती गाठ

दिनकर मोघे एडिंबरोहून एमआरसीपी होऊन परतला, तेव्हा दमदम विमानतळावर त्याला घ्यायला एकोणीस माणसं आली होती. त्यांतल्या अकरा जणांनी टॅक्सीत बसायच्या आत आपापली दुखणी सांगून टाकली. एका मावशींनी तर त्याच्या बॅगेवर पाय ठेवून गुडघा दाखवला. दिनकरला वाटलं, आपली प्रॅक्टिस विमानाच्या शिडीपासूनच सुरू झाली.

पुढचे आठ महिने त्याच्याकडे चिटपाखरूही फिरकलं नाही.

कारण उघड होतं. विमानतळावर तो दिगंबरपंतांचा दिनू होता; आता तो कन्सल्टंट होता. पार्क स्ट्रीटच्या मागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याचं चेंबर होतं, दारावर पितळी पाटी होती आणि पाटीवर इतकी अक्षरं होती, की नाव शोधावं लागे. कलकत्त्यात अशा माणसाकडे आपण होऊन जायचं नसतं. आधी घरच्या डॉक्टरनं हात टेकायचे, मग मोठ्या डॉक्टरला बोलवायचं, अशी रीत. आणि घरचे डॉक्टर दिनकरला ओळखत नव्हते. ज्यांना ते ओळखत होते, ते मोठे डॉक्टर ऐंशीच्या घरात असूनही मरायचं नाव घेत नव्हते. स्वतःच्या तब्येतीकडे त्यांचं बारीक लक्ष असे.

दिनकर रोज संध्याकाळी पाच ते आठ टाय बांधून बसे, वीज गेली की मेणबत्ती लावून बसे. आठ वाजता टाय सोडून ट्रामनं घरी जाई.

घरच्या डॉक्टरांपैकी त्याला ओळखणारे एकच होते, डॉक्टर दत्तात्रय परचुरे. शहरातल्या मराठी माणसांचे ते डॉक्टरकाका. त्यांचा दवाखाना बागबाजारात. मराठ्यांना आत येऊ देऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळात शहराभोवती जो खंदक खणला, तो तिथूनच सुरू होत होता. खंदक केव्हाच बुजला. त्याच्या काठावर परचुरे नावाचा मराठा चाळीस वर्षं बंगाल्यांच्या जिभा बघत बसला होता, आणि एकाही बंगाल्यानं तक्रार केली नव्हती.

काका एकाहत्तर वर्षांचे. गणपती झाले की इंदूरला मुलीकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं होतं. दवाखाना दिनकरनं घ्यावा असं त्यांनी दोनदा सुचवलं होतं. एकदा बाकावर बसून आणि एकदा, ते पुरेसं गंभीर वाटलं नसावं म्हणून, उभं राहून. मुदत विसर्जनापर्यंत. त्यानंतर जागा शेजारच्या होमिओपॅथ भट्टाचार्यबाबूंना जायची होती, आणि ते दर रविवारी टेप घेऊन येऊन आपलं कपाट कुठे बसेल ते मापून जात.

दिनकरचे वडील दिगंबरपंत जन्मानं कलकत्तेकर, जहाज कंपनीतून निवृत्त झालेले. दवाखान्याचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "जिभाच बघायच्या होत्या," ते म्हणाले, "तर इथे काय माणसं जिभा आत घेऊन हिंडत होती? सात वर्षं तिकडे कशाला गेलास?"

दिनकरलाही तसंच वाटत होतं. एडिंबरोहून निघताना त्याच्या साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की तुमच्या देशाला चांगल्या फॅमिली डॉक्टरांची फार गरज आहे. साहेबांचे दोन्ही मुलगे फिजिशियन झालेले होते. आपल्या देशाची गरज साहेबांना कशी काय कळली होती, कोण जाणे. दिनकरला मात्र ते लागलं होतं. त्याला फिजिशियनच व्हायचं होतं. दुर्मिळ रोग ओळखायचे होते, त्यांवर निबंध लिहायचे होते. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मानद फिजिशियनची जागा निघायची होती. सप्टेंबरात मुलाखती. प्रसिद्ध झालेला एखादा निबंध हाती असता तर जागा त्याचीच होती. पण निबंधाला रोगी लागतो, आणि त्याच्याकडे होती मेणबत्ती.

अशा वेळी श्यामराव उकिडवे गुडघ्यावर बसले.

श्यामराव केंद्र सरकारचे बडे अधिकारी, चार वर्षांपूर्वी बदलून आलेले आणि आल्याच्या दुसऱ्या महिन्यात मराठी मंडळाचे अध्यक्ष झालेले. वय चोपन्न. गणेशोत्सवातल्या संगीत नाटकात पंचविशीचा नायक तेच करत, कारण नाटक निवडणारी समिती त्यांच्याच दिवाणखान्यात बसे. जूनच्या अखेरीला तालमीत दुसऱ्या अंकातलं पद म्हणत ते नायिकेपुढे गुडघ्यावर बसले, आणि पद संपलं तरी उठेनात. अभिनय चांगला वठला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा टाळ्या झाल्यावर श्यामराव दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, मला कोणीतरी उचला."

काकांनी महिनाभर सुया दिल्या. पायातली शक्ती आली नाही. उलट रक्तदाब चढत गेला. तेव्हा काकांनी रीतीप्रमाणे हात टेकले आणि दिनकरला बोलावलं.

मोठ्या डॉक्टरच्या भेटीचे कलकत्त्यात काही विधी असतात. जिना चढताना मोठा डॉक्टर पुढे आणि घरचा डॉक्टर त्याची बॅग घेऊन मागे. तपासणी झाली की घरातली कर्ती बाई साबणाची नवी वडी फोडते, तस्त समोर धरते, हातावर पाणी घालते आणि कोरा पंचा पुढे करते. मग दोघे डॉक्टर दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतात आणि विचारविनिमय करतात. हा मुख्य विधी. काकांनी दिनकरला तो पहिल्याच दिवशी समजावून दिला. दहा मिनिटांच्या आत बाहेर यायचं नाही. आजार किरकोळ वाटतो आणि घरच्यांना फीचे बत्तीस रुपये टोचतात. वीस मिनिटांपुढे जायचं नाही. बाहेर रडारड सुरू होते. मधल्या वेळात बोलायला विषय नसेल तर इलिश माशाचा भाव काढावा.

त्या दिवशी त्यांना इलिशची गरज पडली नाही. रक्तदाब चढलेला, पायांत बळ नाही. आणि दोन दिवसांनी तपासणीतून कळलं, रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं. दिनकरनं तो कागद तीनदा वाचला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर चिंचोक्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की अगदी हेच होतं. कॉन नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं अठरा वर्षांपूर्वी ते शोधून काढलं होतं. एडिंबरोत सात वर्षांत दिनकरनं असे दोन रोगी पाहिले होते, आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेतून. कलकत्त्यात कोणी पाहिल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

तरीही त्यानं नियमानं सगळं विचारलं. काही औषधं चालू आहेत? नाहीत. वैद्याचं, होमिओपॅथीचं? छे. खाण्यापिण्यात काही विशेष? श्यामरावांच्या पत्नी कालिंदीबाईंनी चार वेळचं जेवण लोणच्याच्या फोडीसकट सांगितलं. दिनकरनं ते इंग्रजीत लिहून घेतलं.

"गाठ असावी," त्यानं दुसऱ्या भेटीत सांगितलं. "दहा लाखांत एखाद्याला होते."

श्यामरावांचा चेहरा उजळला. दहा लाखांत एक हे त्यांचं स्वतःबद्दल पूर्वीपासूनच मत होतं; आता त्याला वैद्यकीय पुष्टी मिळाली.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या गाठीनं जी प्रगती केली, ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. पुण्याच्या नातेवाइकांना अंतर्देशीय पत्रं गेली. मंडळाच्या बैठकीत श्यामरावांसाठी हातांची खुर्ची राखून ठेवण्यात आली. ज्यांना साध्या मधुमेहावर भागवावं लागत होतं, ती मंडळी त्यांच्यापुढे गप्प बसू लागली. एडिंबरोच्या साहेबांचं उत्तर आलं: रोगी जरूर पाठवा, तुम्हीही सोबत या, रोगी आपण मिळून डॉक्टरांच्या सभेपुढे मांडू. मग चक्रं फिरली. देशात होत नसलेल्या उपचारासाठी परकीय चलन मिळतं, सरकारी अधिकाऱ्याला प्रवासखर्चही मिळतो, हे श्यामरावांना वाचून पाहावं लागलं नाही. उकिडव्यांच्या सात पिढ्यांत समुद्र ओलांडलेलं कोणी नव्हतं. श्यामरावांनी लोकरी ओव्हरकोट शिवायला टाकला. ऑगस्टच्या उकाड्यात तो अंगावर चढवून ते पाहुण्यांना भेटत, आणि घाम आला की गाठीमुळे आला म्हणत.

दिनकरही काही मागे नव्हता. निबंधाचं शीर्षक त्यानं लिहून ठेवलं होतं. दिगंबरपंत सकाळी फिरायला जाताना ओळखीच्यांना थांबवून, कोणी न विचारता, ग्रंथी कुठे असते ते स्वतःच्या पाठीवर दाखवत.

राहिला होता फक्त दाखला. सरकारला दोन सह्या हव्या होत्या, एक नेहमीच्या डॉक्टरची आणि एक तज्ज्ञाची. त्यासाठी शेवटची भेट ठरली, गणपतीच्या दहा दिवस आधी, दुपारी चार वाजता.

आभाळ भरून आलं होतं आणि तीन वाजताच वीज गेली होती. पंप बंद, त्यामुळे नळाला पाणी नाही. बालीगंजच्या त्या सरकारी क्वार्टरच्या दिवाणखान्यात अंधूक उजेड होता. खिदिरपूरहून आणलेले दोन निळे थर्मास टेबलावर शेजारी शेजारी उभे होते. पावसाळ्यात शहरात काविळीची साथ असे, म्हणून एकात कालिंदीबाई उकळलेलं पाणी ठेवत. तपासणी झाली. श्यामरावांनी कोट काढला, श्वास घेतला, सोडला, पुन्हा कोट घातला. कालिंदीबाईंनी साबणाची वडी फोडली, तस्त मांडलं, एक थर्मास उचलला आणि विलायती डॉक्टरांच्या हातावर गरम पाणी ओतलं.

साबणाला फेस आला तो तपकिरी. बोटं एकमेकांना चिकटू लागली. आणि तस्तातून वाफेबरोबर एक गोडसर, मुळकट वास वर आला.

दिनकरला आधी एडिंबरोचं एक दुकान आठवलं, काळ्या लांबट गोळ्यांच्या बरण्या असलेलं. मग लहानपणचा खोकला आठवला, आणि आईनं गालात धरायला दिलेली काडी. मग आठवलं पाठ्यपुस्तकातलं एक पान. डाव्या बाजूचं पान होतं, खाली बारीक टाइपात टीप होती. तो हात तसेच धरून उभा राहिला.

"अगं बाई, चुकून काढ्याचा घेतला वाटतं," कालिंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा थर्मास उचलला.

"कसला काढा?" दिनकरनं विचारलं.

"ज्येष्ठमधाचा. ह्यांच्या गळ्याचा."

"रोज घेतात?"

"दिवसातून दोन थर्मास. आणि तालमीला जाताना खिशात काड्या. आषाढापूर्वीपासून चाललंय, पद तार सप्तकात आहे ना."

"मी विचारलं होतं तुम्हाला, औषध काय चालू आहे म्हणून."

"औषध कुठे आहे ते?" कालिंदीबाई म्हणाल्या. "ते गाण्याचं आहे."

खाण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी खाण्याचं सांगितलं होतं, औषधाचं विचारलं तेव्हा औषधाचं. गाण्यासाठी काय घेता, हा प्रश्न एडिंबरोच्या यादीत नव्हता. काका कोरा पंचा घेऊन शेजारी उभे होते. एकामागून एक अकरा अधिकाऱ्यांसाठी या क्वार्टरचे जिने चढलेल्या काकांनाही तो कधी सुचला नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचारविनिमयासाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

टेबलावर दाखला टाइप करून ठेवला होता. खाली ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या, शेजारी टोपण काढलेलं पेन. कालिंदीबाईंनी दाखल्याला हळदकुंकूही वाहिलं होतं.

ज्येष्ठमध भरपूर घेतला की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पाय गळतात. गाठीचं हुबेहूब सोंग. सोडला की महिनाभरात माणूस ठणठणीत. हे दिनकरला परीक्षेत आलं असतं तर त्यानं झोपेत लिहिलं असतं. त्याला शीर्षक आठवलं, सभा आठवली, सप्टेंबरातली मुलाखत आठवली. गाठ नाहीच असंही कोणी शपथेवर सांगू शकत नव्हतं. तिकडे जाऊन पाहिलं तर काय बिघडेल? पोट उघडून बघतील. फार तर काही सापडणार नाही. बऱ्याच लोकांच्या पोटात काही सापडत नाही.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला वास आला?"

काकांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. "या वयात नाकाचा भरवसा नसतो. तुला आला असेल तर मलाही आला. तुला आला नसेल, तर मी म्हातारा माणूस."

"तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

"मला गाठ सापडलीच नसती. मी आपला सुया देत बसलो असतो. तेव्हा ही वेळ फक्त शिकलेल्या माणसावर येते." त्यांनी पेन उचलून दिनकरसमोर ठेवलं. "आधी तुझी सही. रीत तशी आहे."

बारा मिनिटं झाली. चौदा झाली. दिनकर ठिपके मोजत होता, सदतीस भरले. सतराव्या मिनिटाला बाहेरून हुंदका ऐकू आला. विसाव्याला कालिंदीबाईंनी गळा काढला, तेव्हा त्यानं पेनाला टोपण लावलं आणि दार उघडलं.

बाहेर येऊन त्यानं जे होतं ते सरळ सांगून टाकलं. गाठ नाही, ज्येष्ठमध आहे. सोडा, बरे व्हाल. हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत अचूक निदान होतं. परीक्षक असते तर त्यांनी हात मिळवला असता.

श्यामराव ओव्हरकोटाची बटणं चाचपत बसून राहिले. कालिंदीबाईंचं रडणं थांबलं, पण चेहऱ्यावर समाधान आलं नाही. नवरा वाचला ही बातमी चांगलीच होती. मात्र तिची किंमत कोणीतरी फारच पाडून सांगितली होती.

"ज्येष्ठमध आम्ही तान्ह्या पोरांना देतो," त्या म्हणाल्या. "सात वर्षं तिकडे राहून हेच शिकवलं का तुम्हाला?"

"पुण्याला पत्रं गेली आहेत," श्यामराव हळूच म्हणाले. "आमच्या सचिवांनाही कळवलंय. आता काय लिहू, काडी चघळत होतो म्हणून?" मग त्यांनी मान वर केली. "मी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेईन. मुंबईला घेईन."

दिनकरच्या लक्षात आलं, की हा माणूस मुंबईलाही थर्मास घेऊन जाईल. तिथला तज्ज्ञ औषधं विचारील, खाणं विचारील, आणि सही करील. सुरी तयारच आहे. आपण फक्त तिचं गाव बदललं.

तेव्हा काका पुढे आले. त्यांनी श्यामरावांची नाडी धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटून ठेवले.

"दिनूनं अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना थोडक्यात बोलायची सवय असते. गाठीचं म्हणाल तर ती कोवळी आहे. कापतात त्या जून गाठी. कोवळी असेल तर विरघळवता येते. दिनूला तिकडचं मिक्श्चर ठाऊक आहे. माझ्या दवाखान्यात करून घेऊ. पण पथ्य कडक. वांगं नाही, पापड नाही, रात्री दही नाही, आणि ज्येष्ठमधाला तर स्पर्श नाही. एक काडी चघळलीत तर गाठ दगडासारखी होईल, मग एडिंबरोलाही इलाज नाही."

श्यामरावांचा ऊर पुन्हा भरला. "वांगंसुद्धा नाही?" ते आदरानं म्हणाले.

ट्राममध्ये दिनकर धुमसत होता. बागबाजारला उतरेपर्यंत त्यानं तीनदा सांगितलं, की हा खोटेपणा आहे. काका खिडकीतून बाहेर बघत होते.

"तू खरं सांगितलंस ते ऐकलं कोणी?" त्यांनी विचारलं. "नाही ना? माझं ऐकून तो रात्रीचं दही सोडेल, आणि दह्याबरोबर काडीही."

दवाखान्यात दोघांचं पुन्हा भांडण झालं, ते मिक्श्चरवरून. काका पोटॅशियम सायट्रेट काढू लागले; दिनकरनं क्लोराइडच हवं म्हणून हट्ट धरला, कारण या अवस्थेत सायट्रेटचा उपयोग कमी. काकांनी ते पटकन मान्य केलं. चवीच्या बाबतीत मात्र ते हटले नाहीत. चांगल्या चवीच्या औषधावर कोणाचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं चाळीस वर्षांचं मत होतं. म्हातारा कंपाउंडर हरिपद डोस दाखवणारी कागदाची पट्टी कातरू लागला, तेव्हा दिनकरनं कात्री मागून घेतली. त्याच्या पट्टीला आठ खाचा पडल्या, पण एक डोस दुसऱ्याच्या दीडपट झाला. हरिपदनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि दुसरी पट्टी कातरली.

चौथ्या दिवशी श्यामराव जिना चढले. गणपतीत ते नायिकेपुढे गुडघ्यावर बसले आणि कोणाच्या मदतीशिवाय उठले. सभागृहानं ‘वन्स मोअर’ दिला, म्हणून पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. ज्येष्ठमधाविना तार सप्तक काही लागलं नाही, पण त्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. दहा लाखांत एका माणसाची गाठ त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळली होती. मंडळात ठरलेली हकिकत अशी: दिनकरनं गाठ शोधली हे खरं, पण मग पोर घाबरलं आणि ज्येष्ठमध-बिष्ठमध काहीतरी बरळलं, म्हाताऱ्यानं सावरून घेतलं.

एडिंबरोचे साहेब उत्तरात फार चांगलं बोलले. निदान उत्तम, असं त्यांनी लिहिलं होतं. ज्येष्ठमधाचे असे रोगी आम्हाला दर नाताळात येतात, त्याच्या काळ्या गोळ्या खाऊन, तेव्हा निबंध लिहिण्याची तसदी घेऊ नये. मुलाखत दोन मिनिटांत आटोपली. जागा एका हुशार गृहस्थांना मिळाली; त्यांनी बंगालमध्ये न होणाऱ्या एका रोगावर तीन निबंध लिहिले होते.

आणि मग चमत्कार झाला. दिनकरच्या चेंबरचा जिना वाजू लागला. घरच्या डॉक्टरला न विचारता, रीत मोडून, माणसं येऊ लागली. मंडळातली आली, मंडळाच्या शेजारचे बंगाली बाबू आले, त्यांचे मारवाडी घरमालक आले. सगळ्यांचं मागणं एकच होतं: आमचीही गाठ शोधा. विरघळवायचं आम्ही परचुऱ्यांकडे बघून घेऊ. दिनकर तपासायचा आणि काही नाही म्हणून सांगायचा, आणि माणसं पडलेल्या चेहऱ्यानं जिना उतरायची. दिगंबरपंत खूष होते. सॉल्ट लेकमध्ये सरकार प्लॉट देत होतं. त्यांनी अर्जाचा नमुना आणून ठेवला.

विसर्जन केव्हाच होऊन गेलं होतं. काकांनी इंदूरचं तिकीट दोनदा पुढे ढकललं होतं. भट्टाचार्यबाबूंचं कपाट हातगाडीवर चढलं होतं असंही हरिपद म्हणाला.

एका संध्याकाळी तागाच्या एका दलालाची बायको आली. पन्नाशीची, धडधाकट, कंटाळलेली. दिनकरनं तासभर तपासलं. कुठेही काही नव्हतं. तो तसं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं तिचे डोळे पाहिले, आणि त्याच्या तोंडून गेलं, "बघावं लागेल."

बाई इतक्या आनंदल्या, की त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली, दोन मैत्रिणींसाठीही घेतली. त्या गेल्यावर दिनकर टायची गाठ सैल करून खुर्चीत बसला. आपण हे सहज म्हटलं, सुंदर म्हटलं आणि पुन्हाही म्हणू शकू, हे त्याला कळलं होतं. वीज होती तरी त्यानं मेणबत्ती काढून समोर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो टायशिवाय बागबाजारात हजर झाला. भट्टाचार्यबाबू टेप घेऊन आत उभे होते. दिनकरनं टेपचं दुसरं टोक धरून त्यांना मदत केली, टेप गुंडाळून त्यांच्या हातात दिली, आणि काकांच्या खुर्चीत बसून हरिपदला पहिला रोगी सोडायला सांगितलं. काका बाकावर बसून चहा पीत होते. रोग्यानं जीभ काढल्यावर त्यांनीही सवयीनं पुढे वाकून ती पाहिली.

दिगंबरपंतांनी आठ दिवस अबोला धरला. मग लोकांना सांगायला लागले, की मुलगा तिथे संशोधनासाठी बसतो.

पहिली खरी परीक्षा डिसेंबरात आली. श्यामरावांची नागपूरला बदली झाली आणि ते सपत्नीक निरोप घ्यायला आले. मिक्श्चर दोन महिन्यांपूर्वीच संपलं होतं. त्यांना नव्या गावच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी हवी होती, गाठीचं सगळं लिहिलेली. पाकीट बंद नको, म्हणाले. गाडीत लोक विचारतात.

दिनकरनं काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये डोकं घातलं. गाठ लिहिली तर नागपूरचा डॉक्टर कापायला धावेल; काडी लिहिली तर चिठ्ठी हावड्याच्या पुलावरून खाली जाईल आणि नागपुरात नवा थर्मास येईल. दिनकरनं काकांचं पेन घेतलं, रक्तदाबाचे आकडे लिहिले, पोटॅशियमचे लिहिले, आणि कारण म्हणून ज्येष्ठमधाचं वनस्पतिशास्त्रातलं लॅटिन नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, खाली रेघ ओढून: ग्लिसिरायझा ग्लाब्रा. त्याखाली लिहिलं, पूर्ण वर्ज्य. कुठल्याही डॉक्टरला ते एका नजरेत कळलं असतं.

श्यामरावांनी चिठ्ठी हातात घेऊन दोनदा वाचली. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज कापरा झाला.

"ग्लाब्रासुद्धा?" ते म्हणाले. "म्हणजे बरीच पुढे गेली होती."

"वेळेवर सापडली," दिनकर म्हणाला.

श्यामरावांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. कलकत्त्यात तेव्हा कोट घालण्याइतकी थंडी खरोखरच पडली होती. ते टॅक्सी बघायला बाहेर गेले. कालिंदीबाई मागे रेंगाळल्या, हरिपदकडे पाहून थांबल्या, मग टेबलाजवळ येऊन अगदी हलक्या आवाजात विचारलं, "दिनकरराव, एक सांगा. हे मुलांना तर नाही ना व्हायचं?"

दिनकरनं पेनाला टोपण लावलं.

"घरात काडी ठेवली नाहीत, तर नाही होणार," तो म्हणाला.